दुसऱ्या ट्रेनरची सही

४ जानेवारी, सोमवार. सकाळी ९.४०

नवी डायरी. तीन दिवस उशिरा सुरू करतोय, पण त्याला कारण आहे. कॉलेजला सुट्टी होती आणि सुट्टीत शिस्त पाळणं प्रकृतीला बरं नसतं. खेळाडूंनाही मी हेच सांगतो.

यंदाचे संकल्प. एक, कोणी मला मालिशवाले म्हणालं की शांतपणे पण ठामपणे दुरुस्त करायचं. मी अ‍ॅथलेटिक ट्रेनर आहे. परीक्षा देऊन, लायसन्स घेऊन झालेला. लायसन्स फ्रेम करून ट्रेनिंग-रूममध्ये टांगलंय. लोक नेमके त्याच्याखाली उभे राहून विचारतात, पाय दाबून मिळेल का. दोन, कोचसमोर आवाज चढवायचा. निदान खाली आणायचा नाही. तीन, रोज डायरी.

११.१५

हेडक्लार्क मॅडमनी ऑफिसात बोलावलं. १९ तारखेला तपासणी समिती येणार आहे. प्रत्येक विभागाची धोरण व कार्यपद्धती पुस्तिका हवी. ट्रेनिंग-रूमची मी लिहायची. जमेल ना, असं विचारलं. म्हणालो, मॅडम, अकरा वर्षं मी या दिवसाची वाट बघतोय. त्या म्हणाल्या, आता आणखी नका बघू, शुक्रवारपर्यंत द्या.

म्हणजे दुखापतीनंतर कोणाला मैदानात सोडायचं, कोणाला बसवायचं, हे सगळं आता लेखी येणार. आणि लिहिणार मी. आजवर मी बसवलेल्या फुटबॉलच्या पोरींना कोच मागच्या दाराने खेळवत आला. आता बघू. रोज वीस पानं लिहिली तरी गुरुवारी दुपारी मोकळा.

५ जानेवारी, मंगळवार. दुपारी ४

मुखपृष्ठ झालं. अक्षरांचा आकार ठरवायला दोन तास गेले, पण लोक आधी तेच बघतात. उद्या चाळीस पानं.

६ जानेवारी, बुधवार. दुपारी ३.३०

प्रस्तावना. दोन ओळी. पहिली चांगली आहे.

टेबल डुगडुगतं. त्यात दर दहा मिनिटांनी कोणीतरी बर्फ मागायला येतं. कोच तर आला आणि माझी एकुलती एक खुर्ची घेऊन गेला. मीटिंग आहे म्हणाला. उभं राहून कायदे लिहिता येत नाहीत. उद्या साठ पानं.

७ जानेवारी, गुरुवार. दुपारी १२.२०

सापडली! एका बड्या विद्यापीठाची पुस्तिका, नेटवर फुकट. एकशे चार पानं. काय भाषा, काय दरारा! तिचा सखोल अभ्यास केला. म्हणजे त्यांचं नाव काढून आपल्या कॉलेजचं घातलं. कॉम्प्युटरने एका झटक्यात तीनशे एकोणीस ठिकाणी बदललं.

पान तीसपर्यंत नीट वाचली. पुढची चाळली. पोहण्याच्या तलावाजवळ वीज पडली तर काय करायचं, यावर एक अख्खं प्रकरण आहे. आपल्याकडे तलाव नाही. राहू दिलं. उद्या कोणी बांधला तर पुन्हा कोण लिहीत बसणार.

याला कॉपी म्हणत नाहीत. माणसाचा घोटा सगळीकडे सारखाच मुरगळतो, मग नियम वेगळे कशाला.

८ जानेवारी, शुक्रवार. दुपारी १

प्राचार्यांची सही झाली. हातातला चहाचा कप खाली न ठेवता केली. पुस्तिका उघडली नाही, नुसती हातात तोलून बघितली आणि वा म्हणाले.

हेडक्लार्क मॅडमनी पानापानावर शिक्का मारला. वर पत्र जोडलं: सदर पुस्तिकेतील प्रत्येक नियम आजपासून बंधनकारक असून अंमलबजावणीची संपूर्ण जबाबदारी अ‍ॅथलेटिक ट्रेनर यांची राहील. यांची! मालिशवाले हा शब्द कुठेही नाही. पत्राची झेरॉक्स काढून लायसन्सशेजारी लावली. पुस्तिकेच्या प्रती कोचला, कॉलेजच्या डॉक्टरांना आणि नोटीस बोर्डावर.

कोचने प्रत हातात घेतली, मागे-पुढे बघितली आणि आपल्या खुर्चीच्या, म्हणजे माझ्या खुर्चीच्या, आखूड पायाखाली सरकवली. त्याची वेळ येईल.

९ जानेवारी, शनिवार. घरी, दुपार

बायको विमा कंपनीत क्लेम तपासते. वीस वर्षं लोकांनी स्वतः लिहून दिलेल्या कागदांतून त्यांनाच पकडण्याचं काम. कौतुकाने तिला पुस्तिका दाखवली. तिने मुखपृष्ठ उलटलं आणि भाजी चिरायच्या आधी पेन्सिल शोधली. तेव्हाच समजायला हवं होतं.

पान चाळीसवर थांबली. म्हणाली, अहो, हा दुसरा ट्रेनर कोण? मी म्हणालो, तो तांत्रिक शब्द आहे. म्हणाली, बेचाळीस ठिकाणी आहे, एवढा तांत्रिक? मग चष्मा काढून म्हणाली, नियम नसला आणि चूक झाली तर माणूस म्हणतो, माहीत नव्हतं. कधीकधी सुटतोही. पण स्वतः लिहिलेला, सही-शिक्क्याचा नियम मोडला तर वकिलाला काही कामच उरत नाही. तुम्ही हात दाखवून अवलक्षण करून घेतलंय.

मी हसलो. घरच्या माणसाला आपली किंमत नसते. तरी पान चाळीसच्या पुढचं सोमवारी वाचायचं ठरवलं.

११ जानेवारी, सोमवार. दुपारी २.१०

वाचलं.

नियम १२: ट्रेनिंग-रूममध्ये एक ट्रेनर सतत हजर असेल. नियम १४: सराव चालू असताना ट्रेनिंग-रूम उघडी असेल. नियम १९: सराव चालू असताना मैदानाच्या कडेला एक ट्रेनर सतत हजर असेल.

त्या विद्यापीठात चौदा ट्रेनर आहेत. हे पान सातवर लिहिलं होतं. मी वाचलंही होतं. पण संगणकाने त्यांच्या नावाच्या जागी आपलं नाव घातल्यामुळे वाचताना फार बरं वाटलं, आकड्याकडे लक्ष गेलं नाही.

हरकत नाही. दुरुस्ती करू.

३.०५

दुरुस्ती होत नाही. हेडक्लार्क मॅडम म्हणाल्या, शिक्का मारलेलं पान बदलायचं तर कार्यकारी मंडळ लागतं. मंडळ एप्रिलमध्ये बसतं. आणि समिती येण्याच्या आठवडाभर आधी आम्हीच आमचे नियम रद्द केले तर दिसेल कसं? तोपर्यंत काय करू, विचारलं. म्हणाल्या, तोपर्यंत पाळा.

१२ जानेवारी, मंगळवार. सायंकाळी ६.१५

दारापासून मैदानाच्या कडेपर्यंत दोनशे बारा पावलं. आज तीन ते सहा मी रूममध्येही हजर होतो आणि मैदानातही. एकतीस फेऱ्या. कोचने पोरींना सराव थांबवून माझ्याकडे बघायला सांगितलं. म्हणाला, दमसास कसा असावा बघा.

तिसऱ्या फेरीनंतर लक्षात आलं, बाथरूमला कधी जायचं याचा नियमच नाही. नियम २२ असा की खेळाडूवर उपचार चालू असताना दार उघडं हवं. नियम २३ असा की औषधांच्या कपाटामुळे दार बंद हवं. मी दार अर्धं ठेवलं. खिडकी नसलेल्या त्या खोलीत अर्ध्या दाराशी उभा राहून मला पहिल्यांदा वाटलं की हे प्रकरण अंगाशी येणार.

पण दोष पुस्तिकेत नाही. मनुष्यबळात आहे.

१३ जानेवारी, बुधवार. सायंकाळी ५.५०

वाईट झालं.

आमची गोलकीपर. सगळ्या तिला कुलूप म्हणतात, कारण ती असली की गोल बंद. कॉर्नरवर झेप घेताना तिचं डोकं खांबावर आपटलं. आवाज मला खोलीत ऐकू आला. मी तेव्हा नियम १२ पाळत होतो. दोनशे बारा पावलं मी कशी गेलो आठवत नाही.

शुद्ध गेली नव्हती. वार विचारला, शुक्रवार म्हणाली. मागचा सामना कोणाशी झाला विचारलं तर हसली. डोळ्यांवर प्रकाश नको म्हणाली. मी तिला उठू दिलं नाही, मान धरून ठेवली, मग हळूहळू खोलीत आणलं. कोच मागे-मागे, दोन मिनिटं बसवा आणि पाठवा. मी म्हणालो, आज नाही. आवाज चढला होता. संकल्प क्रमांक दोन पूर्ण. पण आनंद वाटला नाही.

तीन वर्षं बघतोय तिला. पहिल्या वर्षी खांदा निखळला होता तेव्हा माझ्या हातावर दात रोवून गप्प बसली होती. आजही म्हणत होती, सर, काही नाही झालं. तिच्या आईला फोन केला. आई म्हणाली, तुम्ही आहात ना, मग काळजी नाही.

१४ जानेवारी, गुरुवार. दुपारी १२.३०

डॉक्टर फक्त गुरुवारी येतात. तिला तपासलं. कन्कशन. मेंदूला हादरा बसलाय, घाबरायचं नाही, पण बरी होण्याआधी दुसरा मार बसला तर मग घाबरायचं. पुस्तिकेत चांगल्या पायऱ्या दिल्यात तुम्ही, त्याप्रमाणे चला, म्हणाले. पुस्तिकेची स्तुती करणारा पहिला माणूस. खाली वाकून नमस्कार करावासा वाटला.

नियम २७. सहा पायऱ्या. विश्रांती, चालणं, पळणं, चेंडूसह सराव, अंगाला अंग लागणारा सराव, मग सामना. प्रत्येक पायरीला किमान चोवीस तास. डोकं दुखलं, गरगरलं, उजेड सहन झाला नाही तर एक पायरी मागे. प्रत्येक पायरीवर दोन सह्या: पहिला ट्रेनर, दुसरा ट्रेनर. शेवटी डॉक्टर.

फायनल २३ तारखेला आहे. कोचने बोटांवर मोजलं. म्हणाला, किमान चोवीस ना? मग किमानच धरा.

१५ जानेवारी, शुक्रवार. सकाळी ११

आज ठामपणे जाऊन हेडक्लार्क मॅडमना सांगितलं, दुसरा ट्रेनर द्या, नाहीतर मुलीला सोडता येणार नाही. मनात म्हटलं, झकास. ट्रेनर मिळणार नाही, सही होणार नाही, पोरगी बसेल, कोच गप्प बसेल, आणि मला कोणाशी भांडावं लागणार नाही. शहाणा माणूस नियमाला भांडू देतो.

३.४०

ऑफिस ऑर्डर आली. दुसरा ट्रेनर हे पद मंजूर पुस्तिकेत नमूद असल्याने अस्तित्वात आहे असे समजून, सदर पदाचा अतिरिक्त कार्यभार पुढील आदेशापर्यंत, विनामोबदला, विद्यमान अ‍ॅथलेटिक ट्रेनर यांच्याकडे सोपविण्यात येत आहे.

म्हणजे मीच.

मॅडम म्हणाल्या, अभिनंदन, पूर्वी ग्रंथपालांकडे आम्ही प्रयोगशाळा दिली होती, काही बिघडलं नाही. मी आभार मानले. पदोन्नतीच आहे म्हणायची. ऑर्डर फ्रेमला पाठवली.

तरी काहीतरी टोचतंय. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं.

१६ जानेवारी, शनिवार. सकाळी १०

पहिली पायरी. कुलूप म्हणाली, दुखत नाही. पहिल्या ट्रेनरने सही केली. मग मी टेबलाच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो, नव्या नजरेने तिच्याकडे बघितलं, आणि दुसऱ्या ट्रेनरची सही केली. ती जरा तिरकी ठेवलीय. शेरा: पहिल्या ट्रेनरशी चर्चा केली. सहमत.

पोरीने विचारलं, सर, दुसरे सर कुठे आहेत? म्हणालो, कार्यभार आहे. ती दोन्ही सह्या पुन्हा वाचू लागली.

१७ जानेवारी, रविवार. सकाळी १०.३०

कोचच्या आग्रहाने आजही खोली उघडली. दुसरी पायरी, अर्धा तास चालणं. सर, मस्त वाटतंय, म्हणाली. जाताना बुटाची नाडी बांधायला वाकली आणि दाराची चौकट धरली. सकाळचं उपाशीपोटी होतं बहुतेक.

दोन्ही सह्या.

१८ जानेवारी, सोमवार. सायंकाळी ५.२०

तिसरी पायरी, पळणं. पळाली. नंतर खोलीत येऊन डोळे मिटून बसली आणि म्हणाली, सर, एक ट्यूब बंद करू का? मी केली. ती ट्यूब तशीही फडफडते. मलाही त्रास होतो.

पहिल्या ट्रेनरचं मत पडलं की आज सही करू नये, एक पायरी मागे न्यावं. दुसऱ्या ट्रेनरने निदर्शनास आणलं की मुलगी स्वतः बरी आहे म्हणते, ट्यूबचं म्हणणं वैद्यकीय पुरावा नाही, आणि कोच दारात उभा आहे. दुसरा ट्रेनर व्यवहारी आहे. थोडा वेळ वाद झाला. बहुमताने सह्या.

बहुमत कसं झालं ते आता लक्षात येत नाही.

१९ जानेवारी, मंगळवार. दुपारी २

समिती. तिघे जण. मी नवा शर्ट घातला. त्यांनी पुस्तिकेवरून हात फिरवला, चाळली, तलावावरच्या विजेचं प्रकरण मोठ्याने वाचलं. दूरदृष्टी आहे, म्हणाले. मग अध्यक्षांनी विचारलं, दोन ट्रेनर, दोन सह्या, ही पद्धत फार कमी ठिकाणी दिसते. दुसरे ट्रेनर कुठे आहेत?

वाटलं, इथेच सगळं उघडं पडणार आणि एकदाचा सुटणार. खरं सांगायचं तर बरंही वाटलं. हेडक्लार्क मॅडमनी ऑफिस ऑर्डर पुढे केली. अध्यक्षांनी जावक क्रमांक तपासला, तारीख तपासली, मान डोलावली आणि लिहिलं: पद भरलेले आहे. व्यवस्था अनुकरणीय.

समिती जेवायला गेली. मी खोलीतच थांबलो, नियम १२.

सायंकाळी ६

चौथी पायरी. चेंडूसह. दोन चेंडू सुटले. तिच्या हातून चेंडू सुटलेले मी यापूर्वी बघितले नाहीत. ती म्हणाली, सराव नाही ना सर. बरोबर आहे. दोन्ही सह्या. शेरा: अनुकरणीय प्रगती.

२० जानेवारी, बुधवार. रात्री ८.३०. घरी

पाचवी पायरी झाली. त्याबद्दल लिहीत नाही.

बायकोने फाइल बघायला मागितली. मी दिली नाही. तिने पिशवीतून घेतली. पाचही कागद ओळीने टेबलावर मांडले आणि म्हणाली, अहो, दोन्ही सह्यांना पेन एकच, वेळ एकच, आणि तिरकी सही दिवसेंदिवस सरळ होत चाललीय. आमच्याकडे अशी फाइल आली की आम्ही आधी चहा पितो, मग फोन करतो.

मी म्हणालो, सगळं ऑर्डरप्रमाणे आहे. ती म्हणाली, कागदाचं नाही विचारत मी. पोरगी बरी आहे का?

मी म्हणालो, डॉक्टर ठरवतील.

उद्या डॉक्टरांना सगळं सांगायचं. ट्यूब, चौकट, चेंडू. पक्कं. भाषणही तयार केलंय, तीन मुद्दे.

२१ जानेवारी, गुरुवार. दुपारी १.१०

डॉक्टर घाईत होते. पायऱ्यांचे कागद बघितले. पाच कागद, दहा सह्या. म्हणाले, दोन-दोन ट्रेनरांनी रोज बघितलंय, मग मी पाच मिनिटांत वेगळं काय बघणार? मी भाषण सुरू केलं. म्हणालो, डॉक्टर, एक मुद्दा असा की. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. फोन ठेवून त्यांनी विचारलं, काय म्हणत होता? कोच शेजारीच उभा होता. मी म्हणालो, पुस्तिकेत तुमची सही निळ्या शाईत लागते.

ती निळ्या शाईत झाली.

डॉक्टर माझ्या दहा सह्यांवर विसंबले, मी त्यांच्या एकीवर विसंबतो, आणि कोच अकरा सह्यांवर विसंबून आहे. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत मी एकटाच, तोही दोन पदांवर.

उपाय: शनिवारी सकाळी कोचला बाजूला घेऊन सांगायचं. वेळ भरपूर आहे.

२२ जानेवारी, शुक्रवार. दुपारी ४

कोच आज स्वतः आला आणि माझी खुर्ची परत केली. बसला नाही. म्हणाला, फायनल हरलो तर पुढच्या वर्षी संघच ठेवणार नाहीत, मलाही नाही. बदली कीपर चेंडू आला की डोळे मिटते. मला या पोरीचं वाईट व्हावं असं वाटतं का? मला डोक्यातलं काय कळतं? तुम्ही सही केलीत म्हणून मी बिनघोर आहे, ट्रेनरसाहेब.

ट्रेनरसाहेब. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मला म्हणायचं होतं, बिनघोर राहू नका. म्हणालो, थँक यू.

२३ जानेवारी, शनिवार. दुपारी १.४०

मॅच तीनला. संघाची यादी गेलीय, कुलूप पहिल्या नंबरवर. कोचला सकाळी सांगणार होतो, पण तो प्राचार्यांबरोबर होता. मग पाहुण्यांबरोबर. मग नाणेफेकीचं काहीतरी. अडीचला नक्की.

सायंकाळी ६.१०

सव्वादोनला ती खोलीत आली. ग्लोव्ह्ज हातात. तिने स्वतःच ट्यूब बंद केली आणि टेबलावर बसली.

म्हणाली, सर, डोकं दुखतंय. मी विचारलं, कधीपासून. म्हणाली, थांबलंच नाही कधी. पहिल्या दिवसापासून मी खोटं बोलत होते. कोचसरांना नाही म्हणायला तोंड उघडत नव्हतं, त्यांचं सगळं माझ्यावर आहे, आणि सगळ्याजणी माझ्याकडे बघत होत्या. मी न खेळायचं म्हटलं असतं तर घाबरली म्हणाले असते. तुम्ही बसवलं असतं तर कोणी काही बोललं नसतं.

मग म्हणाली, मला वाटलं, तुम्ही ओळखालच. म्हणून तर बिनधास्त खोटं बोलत होते.

ओळखलं होतं. बुटाच्या नाडीपाशीच ओळखलं होतं. तिला ते माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. मला स्वतःची इतकी लाज यापूर्वी कधी वाटली नव्हती.

म्हणालो, तू बस, मी कोचला सांगून येतो. निघालो. दोनशे बारा पावलं. कोच पाहुण्यांना संघाची ओळख करून देत होता. मी योग्य क्षणाची वाट बघत कडेला उभा राहिलो. उभाच होतो, आणि ती माझ्या शेजारून पुढे गेली, सगळ्यांसमोर कोचपुढे थांबली आणि म्हणाली, सर, मी आज खेळू शकत नाही. ग्लोव्ह्ज बदली कीपरला दिले आणि बाकावर जाऊन बसली. एकोणीस वर्षांची आहे.

कोच खिशातून कागद काढून माझ्याकडे वळला. सह्यांवर बोट ठेवत म्हणाला, हे काय आहे मग? दोघांनी लिहून दिलंय. मी म्हणालो, दोन्ही मीच आहे. तो म्हणाला, ते माहीत आहे हो, म्हणून तर विचारतोय.

संघ हरला. चार-एक.

तिचं सगळं पुन्हा पहिल्या पायरीपासून. विश्रांती. आईला फोन करून आज खरं सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

आता पुस्तिकेतला फॉर्म भरतोय. खेळाडूला खेळण्यापासून कोणी थांबवलं, असा रकाना आहे. त्यात दोन ओळी, पहिला ट्रेनर आणि दुसरा ट्रेनर. दोन्ही कोऱ्या ठेवल्या. खाली समासात तिचं नाव लिहिलं.